कोणतं गीतरामायण?

सातारा-सांगलीकडच्या घरात चैत्र शुद्ध नवमीला गीतरामायणाचा विषय निघाला, की तीन पिढ्या तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलू लागतात. आजोबांनी ते रेडिओवर ऐकलेलं असतं, आणि त्यांच्या आठवणीत प्रत्येक पात्राचा आवाज निराळा असतो. वडिलांच्या पिढीसाठी गीतरामायण म्हणजे सुधीर फडके, एकटे, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. नातवंडांच्या फोनवर चार-पाच गाणी असतात, तीही मागेपुढे. तिघांचंही खरं आहे. गीतरामायण ही एकदा घडली आणि तशीच राहिली अशी वस्तू नाही. नभोवाणी, छापील पुस्तक, मैफल, तबकडी, कॅसेट, सीडी आणि आता मोबाइल अशा प्रत्येक टप्प्यावर ती नव्यानं काढली गेली, आणि दर वेळी तिच्यात काही बदललं. काय बदललं आणि का, हे सावकाश समजून घेण्यासारखं आहे. ते कळलं की आपल्या घरातली प्रत कोणती आणि तिची किंमत काय, हेही कळतं.

सुरुवात कवीच्या गावापासून करायला हवी. गजानन दिगंबर माडगूळकर १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळ्यात जन्मले. त्यांचं घराणं माडगूळचं. दोन्ही गावं आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात येतात, पण तेव्हा हा मुलूख औंध संस्थानाचा होता. औंध संस्थान सलग नव्हतं. राजधानी आजच्या सातारा जिल्ह्यात, आणि आटपाडी, कुंडल हे तुकडे आजच्या सांगली जिल्ह्यात. माडगूळकरांचं शिक्षण कुंडल आणि औंध या दोन्ही गावांत झालं. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. म्हणजे ज्या वर्षी गीतरामायण नभोवाणीवर गाजत होतं, त्या वर्षी 'सांगली जिल्हा' कागदावर नव्हताच.

औंधचा उल्लेख केवळ शाळेपुरता नाही. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही. त्यांचं चित्ररामायण १९१६ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या संस्थानाचा राजा रामायण रंगवतो आणि कीर्तनाला उभा राहतो, त्या संस्थानात वाढलेल्या मुलानं पुढे रामकथा गाण्यांत सांगावी, याला मी निव्वळ योगायोग म्हणणार नाही. समर्थांचं चाफळही याच पट्ट्यात, पाटण तालुक्यात. रामनवमीचा उत्सव, कीर्तन, प्रवचन हे इथल्या गावांचं ऐकण्याचं शिक्षण होतं. एकच माणूस उभा राहतो, तोच दशरथ होतो, तोच कैकेयी होतो, तोच भरत होतो, आणि श्रोत्यांचा गोंधळ होत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता आकाशवाणीकडे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. तिथले सीताकांत लाड माडगूळकरांचे मित्र. करमणूकही होईल आणि मनावर काही संस्कारही होईल असा वर्षभर चालणारा कार्यक्रम त्यांना हवा होता. त्यातून आठवड्याला एक गीत ही कल्पना ठरली. संगीत सुधीर फडक्यांचं. ते कोल्हापूरचे, माडगूळकरांच्याच वयाचे, आणि तोपर्यंत दोघांची चित्रपटांतली जोडी चांगली जमलेली होती.

पहिलं गीत १ एप्रिल १९५५ रोजी प्रसारित झालं. त्या दिवशी रामनवमी होती आणि वारही शुक्रवार. त्यानंतर दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊ ते नऊ या वेळात नवं गीत लागायचं, आणि तेच गीत शनिवारी आणि रविवारी सकाळी पुन्हा. सांगता पुढच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ रोजी. आता वर्षाचे आठवडे बावन्न, मग गीतं छप्पन्न कशी? उत्तर पंचांगात आहे. १९५५ साली अधिक भाद्रपद आला होता, म्हणून दोन रामनवम्यांमध्ये ३८४ दिवसांचं अंतर पडलं. पहिल्या शुक्रवारपासून १३ एप्रिल १९५६ पर्यंत मोजले तर पंचावन्न शुक्रवार भरतात. १९ एप्रिलला गुरुवार होता, पण रामनवमी गाठायची म्हणून शेवटचं गीत त्या दिवशी. पंचावन्न आणि एक, छप्पन्न. वाल्मीकींच्या चोवीस हजार श्लोकांची कथा छप्पन्न गीतांत बसली, त्या आकड्यामागे अशी तिथी-वारांची गणितं आहेत.

पंधरा मिनिटांच्या वेळेनं गीताचा आकारही ठरवला. चित्रपटातलं गाणं तेव्हा तीन-साडेतीन मिनिटांत आटपावं लागे, कारण ते ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर मावायला हवं असे. इथे ती अडचण नव्हती. माडगूळकरांना सात-आठ कडवी लिहिण्याची मुभा मिळाली, आणि फडक्यांना ती सगळी सावकाश गाऊन घेण्याची. गीतरामायणातलं गीत प्रसंग मांडतं, त्यात पात्राचं मन उघडतं, आणि मग कथा पुढच्या प्रसंगाशी नेऊन सोडतं. एवढं करायला जागा लागते. ती जागा नभोवाणीनं दिली. मराठी भावगीताच्या इतिहासात या पाव तासाचं महत्त्व फार मोठं आहे, असं माझं ठाम मत आहे.

काम कसं चाले? शब्द आधी, चाल नंतर. माडगूळकर लिहीत, फडके चाल बांधत, मग गायक-गायिकेकडून बसवून घेणं, वादकांबरोबर तालीम, आणि ध्वनिमुद्रण किंवा प्रसारण. दर आठवड्याला हे चक्र पूर्ण व्हायलाच हवं. पहिल्याच गीताची हकीकत अनेकांनी सांगितलेली आहे. माडगूळकरांनी दिलेला कागद फडक्यांकडून हरवला, प्रसारण तोंडावर आलं, आणि लाडांनी कवीला लेखनसाहित्यासह एका खोलीत बसवून बाहेरून दार लावून घेतलं. माडगूळकरांनी थोड्याच वेळात ते गीत पुन्हा लिहून दिलं. त्या गीतातली चौकट पुढच्या सगळ्या गीतांना पुरली. कुश-लव रामासमोर रामकथा गात आहेत, आणि गाता गाता ज्याचा प्रसंग येईल त्याच्या तोंडून गीत येतं. म्हणजे गाणारा कायम दुहेरी भूमिकेत असतो. पात्रही तोच, आणि पात्राची कथा सांगणारे कुश-लवही तोच.

नभोवाणीच्या पहिल्या प्रसारणात ही पात्रं खरोखरच वेगवेगळ्या गळ्यांतून बोलली. फडके स्वतः होतेच, शिवाय माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर, ललिता फडके, मालती पांडे, योगिनी जोगळेकर. व्हायोलिनला प्रभाकर जोग. लताबाईंचं लहानपण सांगलीत गेलेलं, त्यामुळे आमच्या भागाला या यादीत आपलं आणखी एक माणूस दिसतं. इतकी नावं एका मालिकेत आणण्याचं कारण साधं होतं. डोळ्यांना काही दिसत नाही, तेव्हा पात्र ओळखायचं ते आवाजावरून. ही एक नभोनाट्याची रीत होती, गाण्यातून चाललेली.

हा आवाज सांगली-साताऱ्यापर्यंत कसा पोचायचा, हेही पाहू. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये आलं. त्याआधी पुणे केंद्रच ऐकायचं. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत पसरतात, रात्री वरच्या वातावरणातून परावर्तित होऊन दूरची केंद्रं एकमेकांत मिसळतात. सकाळी पावणेनऊची वेळ म्हणून सोयीची होती, आवाज स्थिर यायचा. पण मध्यम लहरींच्या त्या काळच्या संचांतून साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा येत नसे. तंबोऱ्याची झार, टाळांची किणकिण, 'स' आणि 'श' यांची धार यांचा बराचसा भाग या मर्यादेच्या वर असतो. तो वाटेतच गळायचा. उरायचा तो गायकाचा गळा आणि शब्द. आजोबांच्या आठवणीत शब्द पक्के बसलेले असतात ते आठवड्यातून तीनदा ऐकल्यामुळे, आणि काही अंशी या मर्यादेमुळेही, कारण ऐकण्यासारखं दुसरं काही संचातून फारसं येतच नव्हतं.

१९५७ च्या विजयादशमीला, ३ ऑक्टोबर रोजी, केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागानं गीतरामायणाचं पुस्तक काढलं. एरवी आधी काव्यसंग्रह आणि मग त्याला चाल, इथे उलट झालं. लोकांना चाली पाठ होत्या आणि शब्द नंतर हातात आले. म्हणून हे पुस्तक वाचताना बहुतेक मराठी माणूस मनातल्या मनात गातो. पुढे हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, बंगाली, कोकणी, सिंधी, संस्कृत आणि इंग्रजीतही गीतरामायण गेलं. त्या भाषांतरकारांपैकी ज्यांना फडक्यांच्या चाली कायम ठेवायच्या होत्या, त्यांना अर्थाबरोबर मात्राही मोजाव्या लागल्या.

त्यानंतरचा टप्पा मैफलीचा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा बदल इथे झाला. फडके रंगमंचावर गीतरामायण सादर करू लागले ते एकट्याच्या आवाजात. दहा गायक-गायिका घेऊन गावोगाव फिरणं शक्यच नव्हतं, हे एक कारण. पण परिणाम त्या कारणापेक्षा खोल झाला. पात्रांचे वेगळे आवाज गेले आणि कथा सांगणारा एक माणूस पुढे आला. सीतेचा शोक, दशरथाची तगमग, कौसल्येचं मन, सगळं एकाच पुरुषाच्या गळ्यातून. श्रोत्यांनी हे सहज स्वीकारलं, कारण कीर्तनात पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकलेलं होतं. नभोवाणीचं गीतरामायण नाटकाजवळचं होतं, मैफलीचं गीतरामायण कीर्तनाजवळचं झालं. आज बहुसंख्य लोकांच्या मनात जे आहे, ते हे दुसरं.

एचएमव्हीनं तबकड्या काढल्या त्या याच दुसऱ्या रूपाच्या. दहा लाँग प्ले तबकड्या, सुधीर फडक्यांच्या आवाजात. दहा तबकड्या म्हणजे वीस बाजू. बारा इंची तबकडी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या घेते, आणि एका बाजूला आवाज न दबता वीस-बावीस मिनिटं बसतात. वीस बाजूंवर छप्पन्न गीतं, म्हणजे एका बाजूला सरासरी तीनाहून थोडी कमी आणि एका गीताला सात-आठ मिनिटं. नभोवाणीनं दिलेली मोकळीक इथे बरीचशी टिकली. ती ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर टिकली नसती. त्या माध्यमावर यातलं एक गीत दोन-तीन तुकड्यांत चिरावं लागलं असतं.

तबकडी बनते ती अशी. स्टुडिओतली चुंबकीय टेप वाजवतात आणि त्या आवाजाच्या कंपनांनी हलणारी सुई लाखेसारख्या मऊ थरावर नागमोडी खाच कोरत जाते. त्या कोरलेल्या थाळीवर चांदीचा पातळ मुलामा देऊन वर निकेल चढवतात. निकेल सोडवून काढलं की उलटा ठसा मिळतो. त्यावरून सुलटा, आणि सुलट्यावरून पुन्हा उलटे ठसे काढतात. शेवटचे ठसे यंत्रात बसवून गरम प्लास्टिक दाबलं की तबकडी तयार. आपल्याकडे हे काम कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात होई. एक ठसा साधारण हजारभर तबकड्या काढून झिजतो, मग नवा लावावा लागतो. म्हणून एकाच वेष्टनातल्या, एकाच क्रमांकाच्या दोन तबकड्याही अगदी सारख्या वाजतील असं नाही. एक ताज्या ठशाची, दुसरी उतरत्या ठशाची.

तबकडीचा आणखी एक गुण-दोष ऐकणाऱ्यानं जाणून घ्यावा. थाळी सारख्या वेगानं फिरते, पण बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला जवळपास ५१ सेंटिमीटर धावते आणि आतल्या कडेला जेमतेम २१. म्हणजे आत येईल तसा तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो. बाजूचं शेवटचं गीत म्हणून थोडं बोथट आणि ऊष्म वर्णांवर थोडं खरखरीत लागतं. कोणतं गीत बाजूच्या शेवटी आलं, हे गायकाच्या हातात नसतं. कथेचा क्रम पाळायचा तर जे येईल ते येईल.

मग कॅसेट आली आणि गीतरामायण खऱ्या अर्थानं घराघरांत शिरलं. रामनवमीच्या मांडवात, एसटीच्या प्रवासात, साखर कारखान्याच्या वसाहतीत, सगळीकडे. एका तबकडीच्या दोन बाजू एका कॅसेटच्या दोन बाजूंवर सहज मावतात, म्हणून दहाचा हिशोब पुढेही चालू राहिला. आज ऑनलाइन शोधलं तरी गीतरामायणाचे दहा भाग दिसतात ते त्या तबकड्यांमुळे. कॅसेटची फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद आणि वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. एवढ्याशा चुंबकीय पट्टीवर आवाज बसवायचा म्हणजे पार्श्वभूमीला सततची सळसळ आलीच. त्यावर घरोघरी प्रती निघाल्या. शेजाऱ्याच्या कॅसेटवरून आपली, आपल्यावरून पाहुण्यांची. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं जशी फिकट होत जातात, तसं प्रत्येक नकलेत वरचे स्वर थोडे मरतात आणि सळसळ थोडी वाढते.

शिवाय वेग. दोन टेपरेकॉर्डरांचा वेग तंतोतंत जुळत नाही. भरताना एक किंचित मंद, वाजवताना दुसरा किंचित जलद, असं झालं की तीन टक्क्यांचा फरक सहज पडतो. आठ मिनिटांचं गीत चौदा-पंधरा सेकंद आधी संपतं, हे कुणाच्या लक्षात येणार नाही. पण सूर? पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत जवळपास सहा टक्क्यांचं अंतर असतं. तीन टक्के म्हणजे बरोबर अर्धी पट्टी. फडके काळी एकमध्ये गात असतील, तर तुमच्या कॅसेटवर ते काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी गातात. गावातल्या भजनी मंडळानं कॅसेट लावून गाणं बसवायला घेतलं आणि पेटी जुळेना, याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. वेग वाढला की सुरासोबत गळ्याचा पोतही पातळ होतो, वयस्क आवाज तरुण वाटू लागतो.

सीडीनं वेगाचा प्रश्न सोडवला. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची मोजणी, आणि वाजवताना घड्याळ पक्कं. पण सीडी काढताना कुणीतरी जुनी टेप समोर ठेवून निर्णय घेतो, आणि सगळी मेख तिथे आहे. मूळ टेप वापरली की तबकडीसाठी केलेली नक्कल? टेपची सळसळ किती ठेवायची, किती घालवायची? सळसळ काढणारं तंत्र कसं चालतं, तर गाणं सुरू होण्याआधीच्या शांत क्षणातली सळसळ मोजायची, आणि मग संपूर्ण गाण्यात त्या त्या पट्ट्यातला तेवढ्या ताकदीचा आवाज वजा करत जायचा. सळसळ साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या वर जास्त जाणवते. आणि 'श', 'ष', 'स' यांची ओळख नेमकी तिथेच असते. गीतरामायणात श्रीराम आहे, शरयू आहे, दशरथ आहे, सीता आहे. एक कडवं असं सापडणं कठीण, ज्यात ऊष्म वर्ण नाही. सफाईचा हात जड पडला की हे सगळे वर्ण बोबडे होतात, तंबोऱ्याची वरची झार जाते, आणि दोन ओळींमध्ये गायक श्वास घेतो तोही पुसला जातो. फडक्यांच्या गाण्यात शब्दोच्चार हा निम्मा जीव आहे. मला विचाराल तर थोडी सळसळ असलेली प्रत अति धुतलेल्या प्रतीपेक्षा केव्हाही चांगली. कान सळसळीला दोन मिनिटांत सरावतो, गेलेला 'श' मात्र परत येत नाही.

जगात इतरत्रही हाच वाद चालतो. अमेरिकेतल्या निर्वाणा या रॉक गटाचा 'इन युटेरो' हा अल्बम १९९३ चा. स्टीव्ह अल्बिनीनं तो ध्वनिमुद्रित केला, त्यातल्या काही गाण्यांचं मिश्रण दुसऱ्या माणसाकडून पुन्हा करून घेतलं गेलं, आणि वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, अल्बिनीनं साऱ्या अल्बमचं नवं मिश्रण केलं. आज रसिक या रूपांची तुलना करत बसतात. त्यांना ते करता आलं, कारण ढोल, गिटार, आवाज हे सगळं टेपवर वेगवेगळ्या मार्गिकांत सुटं जपलेलं होतं. आपल्याकडे त्या काळी गायक आणि वादक एकत्र बसत, मायक्रोफोनपासून कोण किती लांब यावर तोल साधत, आणि मिश्रण जागच्या जागीच टेपवर उतरे. व्हायोलिन जरा मागे हवं होतं असं आज वाटलं तरी ते मागे सरकवता येत नाही. म्हणून गीतरामायणाच्या नव्या आवृत्त्यांत नवं मिश्रण नसतं. फक्त एकूण आवाजाचा पोत बदललेला असतो, आणि तो किती बदलायचा याचा विवेक हीच त्या आवृत्तीची प्रत ठरवते.

मोबाइलवर आणखी वेगळी गोष्ट घडते. आवाज ठीक असतो, पण क्रम मोडतो. 'पराधीन आहे जगती' हे यमनकल्याणातलं गीत आज अंत्यविधीपासून सत्संगापर्यंत सुटं वाजतं. त्याचं सुटेपण त्याला पेलतं, हे खरं. पण ते वनात भेटायला आलेल्या भरताला राम सांगतो आहे, आणि त्याआधीच्या गीतांत भरताचा राग-शोक येऊन गेलेला आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसलं तर त्यातलं सांत्वन अर्धंच उरतं. छप्पन्न गीतं सलग ऐकली तर साधारण सात तास लागतात. रोज एक ऐकलं तर दोन महिन्यांत पुरी होतात. निदान एकदा तरी क्रमानं ऐकावीत.

आपल्याकडची प्रत ओळखायची कशी? पहिली खूण आवाजाची. पात्रागणिक गायक बदलत असेल तर ते नभोवाणीचं रूप, सगळीकडे फडके असतील तर तबकड्यांचं. फडक्यांचे पुत्र श्रीधर फडके आणि इतरही अनेक गायक गीतरामायण गात आले आहेत, तेव्हा वेष्टन नीट वाचावं. वेगाची शंका असेल तर चांगल्या डिजिटल प्रतीशेजारी तेच गीत लावून दोन्हींचा कालावधी ताडून पाहावा. जुन्या ध्वनिमुद्रणात विजेची बारीक गुणगुण राहिलेली असते, ती आपल्याकडे ५० हर्ट्झच्या आसपास असायला हवी. ती ५२ वर दिसली तर प्रत जलद आहे असा अंदाज बांधता येतो. अंदाजच, कारण तेव्हाचा वीजपुरवठाही नेहमी पक्का ५० वर नसे. आणि सफाई किती झाली आहे हे पाहायचं तर गीत संपल्यावरचे दोन-तीन सेकंद ऐकावेत. तंबोरा हळूहळू विरत गेला तर बरं. एकदम कापल्यासारखी शांतता आली तर हात जड पडलेला आहे.

माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजी गेले, फडके २९ जुलै २००२ रोजी. एचएमव्हीची मूळ कंपनी २००० पासून सारेगामा नावानं चालते. फडक्यांच्या आवाजातलं गीतरामायण त्यामुळे हरवण्याची भीती नाही, ते कुठे ना कुठे मिळत राहील. काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. आटपाडी, औंध, विटा, कराड, वाई, मिरज अशा गावांतल्या जुन्या घरांत, माळ्यावरच्या पेट्यांत, रेडिओवरून भरून घेतलेल्या कॅसेट आणि जुन्या टेपा पडलेल्या आहेत. त्यांत पुनःप्रसारणं असतील, गावातल्या मैफली असतील, एखाद्या रामनवमीचं सादरीकरण असेल. अशा ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. तुमच्या घरी असं काही असेल तर ते सुरू करून पाहण्याची घाई करू नका, बुरशी धरलेली फीत चालवली की तुटू शकते. जाणकाराकडून ती उतरवून घ्या, आणि सळसळ न काढता, आवाज न वाढवता, जशी आहे तशी एक प्रत वेगळी ठेवायला सांगा. कॅसेटच्या कागदावर लिहिलेली तारीख, गाव, केंद्र यांचा फोटो त्या प्रतीसोबत जपा. सफाई पुढे कधीही करता येईल.